कारखाना बघायला कोण जातं?

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसोबत सहलीला निघाले होते. चळवळीतल्या तीसेक मंडळींनी वेरूळची लेणी पाहायची ठरवली होती आणि वाटेत दौलताबादचा किल्ला होता. प्रवासात धुळीने माखलेल्या या लोकांनी किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून लगेच गर्दी अंगावर धावून आली. ओरडणारे लोक मुसलमान होते, म्हणजे जातीचा रोग धर्माचे कुंपण ओलांडून गेला होता. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. पाळतीला सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला, गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस आपल्याच देशातला एक किल्ला पाहत होता आणि मागे शिपाई चालत होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

पर्यटन म्हणजे चैन, ते खात्यापित्या घरच्या लोकांचे काम, आपल्याला आधी भाकरीचे बघायचे आहे, असे आपल्या कार्यकर्त्यांमध्ये सर्रास बोलले जाते. दौलताबादचा प्रसंग वाचल्यावर हे म्हणणे टिकत नाही. कोणी कुठे जावे, काय पाहावे, कोणत्या पाण्याला हात लावावा हे सगळे या देशात जात ठरवत आली. म्हणून तर संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरण्याचा हक्क वेगळा लिहावा लागला. जाण्याच्या हक्काला निदान कायद्याचा आधार मिळाला. दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. पाहण्यासारखे काय आहे, हे कोण ठरवते?

आपला समाज फिरत नाही असे कोणी म्हणू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी. लाखो लोक पदरच्या पैशाने, भाकरीची शिदोरी घेऊन, वेळप्रसंगी फुटपाथवर झोपून या ठिकाणी जातात. ही ठिकाणे कोणत्याही सहल कंपनीने शोधून काढलेली नाहीत. लोकांनी ती आपल्या पायांनी नकाशावर आणली. जागा मोठी असते म्हणून लोक जातात हे अर्धेच खरे आहे. लोक जातात, लक्षात ठेवतात, पुढच्या पिढीला सांगतात, म्हणून जागा मोठी होते. ही गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवी.

हा विषय डोक्यात पक्का झाला तो जर्मनीतल्या एसेन शहरात. आम्ही दोघे कार्यकर्ते एका प्रशिक्षणासाठी तिकडे गेलो होतो. परतीच्या आधी एक रविवार मोकळा मिळाला. सोबतची मंडळी कलोनचे प्रसिद्ध कॅथेड्रल पाहायला गेली आणि आम्ही रेल्वेने एसेन गाठले. एसेन म्हणजे रूर खोऱ्यातले कोळशाचे आणि पोलादाचे शहर. क्रुप कंपनीच्या तोफा इथल्याच. स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम पकडली आणि शहराच्या उत्तर भागातल्या त्सॉलफराइन या बंद कोळसा खाणीवर उतरलो.

उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यात वाढलेल्या माणसाला धुराड्याचे काय अप्रूप! पण तिथे जे पाहिले त्याचे अप्रूप वाटले. खाणीच्या तोंडावरचा लोखंडी मनोरा उंचच उंच उभा, त्याखाली लाल विटांच्या सरळ रेषेतल्या इमारती. १९३२ साली बारा नंबरचा हा दांडा सुरू झाला तेव्हा इथून दिवसाला सुमारे बारा हजार टन कोळसा वर येत असे. २३ डिसेंबर १९८६ ला खाण बंद पडली. आपल्याकडे पुढचा अध्याय पाठ आहे. यंत्रे भंगारात, जमीन बिल्डरकडे, कामगार गावाकडे. इथे तसे झाले नाही. राज्य सरकारने जागा विकत घेतली, इमारती राखल्या आणि २००१ साली युनेस्कोने या खाणीला जागतिक वारसा ठरवले. ताजमहाल आणि अजिंठा ज्या यादीत आहेत त्याच यादीत एक कोळशाची खाण!

कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीत आता रूर संग्रहालय आहे. बाहेरून लांबलचक सरकत्या जिन्याने २४ मीटर उंचीवर नेतात आणि मग एकेक मजला खाली उतरत इतिहास पाहायचा. कोळसा ज्या मार्गाने वरून खाली यायचा साधारण त्याच मार्गाने माणूस उतरतो. खाणकामगाराच्या घरातल्या वस्तू, कामाचे कपडे, संघटनेचे झेंडे, फुफ्फुसात साठलेल्या धुळीच्या आजाराची माहिती, सगळे काचेआड जपून ठेवलेले. परिसर दाखवणाऱ्यांमध्ये जुने खाणकामगारही आहेत. ज्याने आयुष्यभर जमिनीखाली काम केले तोच आज पाहुण्यांना समजावून सांगतो. त्याच्या हातात राजाच्या गोष्टी नाहीत. त्याच्याकडे स्वतःच्या पाळीची गोष्ट आहे आणि लोक ती तिकीट काढून ऐकतात.

तिथे उभे असताना आम्हाला धनबाद आठवले. डिसेंबर १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणींमध्ये स्वतः उतरले होते. कामगार कसे काम करतात, कुठे राहतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. हेही एक पाहणेच होते. पण पाहून हळहळणे आणि पाहून कायदा करणे यात फरक आहे. आपण कोणत्या डोळ्याने पाहायचे हे बाबासाहेबांनी दाखवून ठेवले आहे.

त्या डोळ्याने पाहिले की एसेनही सरळसोट गौरवगाथा राहत नाही. शहरातून ए-४० नावाचा महामार्ग जातो. त्याच्या उत्तरेला जुन्या खाणी, कामगार वस्त्या, स्थलांतरितांची घरे आणि दक्षिणेला सुखवस्तू मोहल्ले. क्रुप घराण्याचा व्हिला ह्यूगेल हा महालासारखा वाडा दक्षिणेलाच, झाडीत, तळ्याकाठी आहे. अंबरनाथ-बदलापूरला रूळ ओलांडले की शहर बदलते, तसेच तिथे महामार्ग ओलांडला की बदलते. दुसऱ्या महायुद्धात रूरच्या खाणींमध्ये आणि कारखान्यांमध्ये युद्धकैद्यांना आणि व्याप्त देशांतून पकडून आणलेल्या माणसांना गुलामासारखे राबवले गेले. युद्धानंतर मजूर कमी पडू लागले, तेव्हा १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. त्यांना नाव दिले 'पाहुणे कामगार'. पाहुणा म्हणजे काम संपले की जाणारा! ते गेले नाहीत, तिथलेच झाले. पण त्यांच्या मुलांना आजही तू मूळचा कुठला हा प्रश्न विचारला जातो. हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे तो आडनाव विचारून विचारतात.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. जर्मनीने आपला गुन्हा भिंतीवर लिहिला. सक्तीने राबवलेल्या लोकांसाठी सरकार आणि उद्योगांनी मिळून २००० साली निधी उभा केला आणि १६ लाखांहून अधिक लोकांना पैसे दिले. उशीर झाला होता, तोवर कित्येक जण मरून गेले होते, रक्कमही तुटपुंजी होती. पण हे घडले, आमच्याकडून घडले, असे लिहून दिले गेले. आपल्याकडे मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो बाट वाटे. चांगला पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. गिरणगावाच्या आठवणी आज हौसेने निघतात. लावणी, खानावळ, गणपती, चाळ, सगळे येते. धाग्याचा हा इतिहास कोणत्या गिरणीच्या भिंतीवर लिहिलेला आहे?

आम्ही परत आलो. शेजारच्या मावशींना मोबाईलवर फोटो दाखवले. त्यांनी दोन-चार फोटो बघितले आणि म्हणाल्या, "जर्मनीला जाऊन कारखाना बघितला? अरे, कारखाना तर दारात आहे की! तो बघायला कोण येतं?"

मावशींच्या प्रश्नातच या लेखाचा विषय आहे. म्हणून वस्तीतल्या पंधरा-वीस पोरापोरींना घेऊन आम्ही एका रविवारी आपल्याच शहरात पर्यटक म्हणून निघालो. अट एकच होती. गाव आपले असले तरी पहिल्यांदा आल्यासारखे बघायचे आणि प्रत्येक जागी विचारायचे, हे कोणी बांधले, इथे कोण राबले, त्याचे नाव कुठे आहे?

सुरुवात उल्हासनगरच्या कॅम्पांपासून केली. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर निर्वासितांना याच बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. म्हणून तर आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक, कॅम्प चार असे सांगतात. सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी समाजाने इथे पापड-बिस्किटांपासून जीन्सपर्यंत धंदा उभा केला. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्या जिद्दीला आमचा सलाम आहे. पण शहराच्या गोष्टीत उद्योजक येतो आणि यंत्रावर बसलेला येत नाही. जीन्स शिवणारा उत्तर प्रदेश-बिहारचा कारागीर, मराठवाडा-विदर्भातून दुष्काळाने हाकललेले आपले लोक, नाल्यात उतरणारा सफाई कामगार, घरी बसून धागे कापणाऱ्या बाया, यांना त्या विनोदातसुद्धा जागा नाही.

तिथून अंबरनाथ. 'अंबरनाथमध्ये बघण्यासारखे काय?' असे कोणालाही विचारा, एकच उत्तर येते. शिवमंदिर. ते बघण्यासारखे आहेच. शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेले, भूमिज शैलीचे हे मंदिर दगडकामाचा उत्तम नमुना आहे. दगड घडवणाऱ्या हातांचा आम्हाला अभिमान वाटतो. परिसराच्या सुशोभीकरणावर कोट्यवधी खर्च होतो, कला महोत्सव भरतो. आमचे म्हणणे एवढेच की गेल्या शंभर वर्षांत अंबरनाथ शहर म्हणून ज्यावर जगले ते कुठे आहे? १९२३ साली स्वीडिश कंपनीने स्थापन केलेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विमकोचा, कारखाना इथे होता. देशातल्या घराघरात चूल पेटवणारी काडी अंबरनाथच्या हातांनी भरली. स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरीच्या शेजारी १९५३ साली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. पुढे एमआयडीसी आली. यातल्या कशाचीही पाटी पर्यटनाच्या नकाशावर नाही. हजार वर्षांपूर्वीचा राजा इतिहास होतो आणि पन्नास वर्षांपूर्वीचा कामगार फक्त गर्दी होतो.

आपल्या समाजासाठी या सरकारी कारखान्यांचा अर्थ आणखी वेगळा आहे. गावातून निघालेल्या माणसाला इथे आरक्षणामुळे कायम नोकरी मिळाली. क्वार्टर मिळाले, मुलांना शाळा मिळाली, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार मिळाला. त्या पगारातून विहारे उभी राहिली, जयंतीची वर्गणी निघाली, पोरे पदवीधर झाली. अंबरनाथ-बदलापूरमधल्या कितीतरी आंबेडकरी घरांची पहिली पक्की भिंत या पगारातून उभी आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातले ४१ आयुध निर्माणी कारखाने सात कंपन्यांमध्ये वाटले गेले. सरकारी खाते गेले, कंपनी आली. कंपनीत कायम नोकऱ्या किती राहतील, कंत्राटावर किती जातील आणि कंत्राटात आरक्षण कुठून येणार? हा प्रश्न विचारायचा तर आधी हे माहीत असावे लागते की या गेटमधून आपल्या तीन पिढ्या आत गेल्या होत्या. इतिहास माहीत नसलेल्या माणसाकडून हक्क काढून घेतला तरी त्याला काही गेले असे वाटत नाही.

मंदिराला लागूनच वालधुनी वाहते. काकोळेच्या डोंगरातून ती निघते. रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेला जीआयपी तलाव तिच्याच पाण्यावर आहे. वर ती नदी आहे. अंबरनाथ ओलांडून उल्हासनगरात शिरेपर्यंत तिचा नाला होतो. आमच्या सहलीतल्या एका पोरीने पुलावर ओढणी नाकाला लावली आणि विचारले, "ही खरंच नदी होती का?" तिच्या आजीने या पाण्यात कपडे धुतले होते, हे तिला पहिल्यांदा त्या दिवशी कळले. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरने सोडलेल्या रसायनांमुळे या पात्रातून विषारी वायू पसरला आणि काठावरच्या शेकडो लोकांना रात्रीतून रुग्णालयात न्यावे लागले. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि पालिकांवर सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जीन्स धुण्याचे कारखाने बंद करण्यात आले. तिथे काम करणाऱ्या मजुराचा रोजगार गेला आणि काठावरच्या झोपडीत राहणाऱ्याच्या नाकातला वास मात्र राहिला. बहुतेक वेळा हे दोघे एकाच घरात राहतात.

इथे पुन्हा एसेनकडे वळावे लागते. त्या भागातून एमशर नावाची नदी जाते. शंभरेक वर्षे ती सगळ्या रूर खोऱ्याचे उघडे गटार होती. खाणकामाने जमीन खचत असल्यामुळे जमिनीखाली नळ टाकले तर फुटायचे, म्हणून नदीलाच काँक्रीटमध्ये बांधून मैला वाहून नेला. खाणी बंद होत गेल्यावर १९९२ पासून काम सुरू झाले. सांडपाण्यासाठी ५१ किलोमीटरचा भुयारी मार्ग काढला, सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्च झाले आणि २०२१ च्या अखेरीस एमशरमध्ये मैला जाणे थांबले. तीस वर्षे लागली. 'त्यांच्याकडे पैसा आहे' हे लगेच म्हटले जाईल. पैसा आहेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे १८९९ सालापासून तिथे नदीसाठी एक सहकारी संस्था आहे. कारखाने, खाणी आणि नगरपालिका तिचे सक्तीचे सभासद आहेत. जो घाण करतो त्याला वर्गणी भरावी लागते. सहकाराचा महाराष्ट्र म्हणवणाऱ्या आपल्या राज्यात साखरेसाठी सहकार आहे, दुधासाठी आहे, नदीसाठी नाही. वालधुनी तर एमशरच्या निम्म्याहूनही लहान आहे. अडते ते इच्छेवर, कारण वालधुनीच्या काठावर कोण राहते हे सगळ्यांना माहीत आहे.

शेवटचा टप्पा बदलापूर. इथली घरे मुंबईत परवडत नाही म्हणून घेतलेली आहेत. पहाटेची लोकल पकडून माणूस दिवसाचे चार तास रेल्वेत घालवतो. एमआयडीसीच्या बारवी धरणाचे पाणी लांबच्या शहरांना जाते आणि इथल्या वस्त्यांमध्ये बाया टँकरची वाट बघतात. बदलापूरच्या पुढे, कर्जतजवळ, उल्हास नदीच्याच खोऱ्यात कोंढाणे लेणी आहेत. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे बौद्ध चैत्यगृह. पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला तिथे झुंबड उडते. आपण कुठे उभे आहोत हे त्या गर्दीतल्या किती जणांना माहीत असते? कान्हेरीच्या लेण्यांमध्ये तर दान देणाऱ्यांचे शिलालेख आहेत आणि त्यात कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहारही आहेत. विचार करा मित्रांनो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या एका लोहाराचे नाव दगडावर कोरण्याइतके मोलाचे वाटले, कारण धम्मात दान देणाऱ्याची जात मोजली जात नव्हती. आज त्याच कल्याण तालुक्याच्या आसपास लोखंड, रसायने आणि कापडात आयुष्य झिजवलेल्या हजारो माणसांपैकी एकाचे नाव कोणत्या भिंतीवर आहे?

सहलीत मावशीही आल्या होत्या. संध्याकाळी बदलापुरात चहाला थांबलो तेव्हा त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचे पाकीट काढले. त्यात त्यांच्या यजमानांचा गेट पास, विम्याचे कार्ड आणि तीन पगारपावत्या होत्या. यजमानांची दोन बोटे एका कारखान्यात प्रेसखाली गेली. भरपाईचा अर्ज दिला तेव्हा कारखान्याने हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच असे सांगितले. कंत्राटदार बदलला होता, हजेरी वही गायब झाली होती. या पाकिटावर त्यांनी सहा वर्षे भांडण केले आणि थोडेफार पैसे मिळवले. यजमान आता नाहीत, पाकीट आहे. पोरांनी एकेक कागद हातात घेऊन बघितला. दिवसभरात ती एवढी गप्प कुठेच नव्हती.

'संग्रहालयाने पोट भरते का?' हा प्रश्न आम्हाला विचारला जाणारच. नाही भरत. एसेनमध्येही खाणीच्या हजारो नोकऱ्या संग्रहालयाने परत दिल्या नाहीत. खाणीभोवतीच्या उत्तर एसेनमध्ये आजही बेकारी आणि गरिबी दक्षिणेपेक्षा जास्त आहे. आम्हाला वस्त्यांचे प्रदर्शन मांडून पाहुण्यांकडून तिकीट घ्यायचे नाही. आमचा मुद्दा पुराव्याचा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना घरे द्यायचे ठरले तेव्हा वारसांकडे काय मागितले? ओळखपत्र, तिकीट नंबर, गेट पास, विम्याचे कार्ड. ज्याने जपले तो पात्र ठरला आणि ज्याचे पुरात वाहून गेले तो रांगेत राहिला. २००५ आणि २०१९ च्या पुरात उल्हासकाठच्या किती घरांतले कागद गेले याची कोणी मोजदाद केली नाही. कामगाराची आठवण हा हळवा विषय वाटतो, पण न्यायालयात आणि सरकारी कार्यालयात तीच साक्ष असते.

दादरच्या इंदू मिलचे उदाहरण आपल्यासमोर आहे. बंद पडलेल्या गिरणीची ती जमीन बिल्डरच्या घशात जाऊ शकली असती. ६ डिसेंबर २०११ ला आंबेडकरी कार्यकर्ते आत शिरले, जागा धरून बसले आणि बाबासाहेबांच्या स्मारकाची मागणी सरकारला मान्य करावी लागली. औद्योगिक जागेचे स्मारक करण्याचा विचार जर्मनीतून आणण्याची आपल्याला गरज नाही, तो आपल्या चळवळीने रस्त्यावर उतरून केला आहे. त्या स्मारकात पुतळ्याइतकीच जागा गिरणीतल्या माणसांना मिळावी, विणकाम खात्याच्या बंद दाराची गोष्ट तिथे लिहिली जावी, ही मागणी आता आपण लावून धरली पाहिजे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर सांगितले होते. ही गोष्ट दोन्ही शत्रूंची नावे घेऊन सांगावी लागेल.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या तरुणांना आमचे आवाहन साधे आहे. प्रत्येक विहारात एक कपाट ठेवा. वस्तीतल्या निवृत्त कामगारांचे गेट पास, पगारपावत्या, युनियनच्या पावत्या, जुने फोटो यांची मोबाईलवर प्रत काढा आणि मूळ कागद घरी परत द्या. साठी ओलांडलेल्या प्रत्येक बाई-माणसाशी तासभर बोला आणि ते रेकॉर्ड करा. कोणत्या खात्यात होता, पाणी कुठले प्यायचात, मुकादम कोणत्या जातीचा होता, अपघात झाला तेव्हा काय केले, हे विचारा. बायांना आवर्जून विचारा, कारण त्यांच्या कामाची नोंद हजेरी वहीतही नव्हती. बंद कारखान्याची इमारत पाडण्याआधी तिचे फोटो घ्या. पालिकेकडे लेखी मागणी करा की जिथे कारखाना होता तिथे निदान एक पाटी लागावी. वालधुनीच्या काठाने उगमापासून खाडीपर्यंत वर्षातून एकदा चालत जा आणि जे दिसेल ते लिहून काढा.

आमची पुढची फेरी १ मे रोजी आहे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला येतात, पण शासकीय कार्यक्रमात दुसऱ्याची आठवण फारशी निघत नाही. सकाळी आठ वाजता विठ्ठलवाडी स्टेशनच्या पूर्वेला जमायचे आहे. पाण्याची बाटली, टोपी आणि घरातला कामाचा एखादा जुना कागद सोबत आणा. या वेळी कारखाने मावशी दाखवणार आहेत.

जय भीम!